मोटरसायकलीची वार्षिक परीक्षा

परीक्षेचें नांव काढतांच विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, तो प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. परंतु परीक्षा ही केवळ माणसाच्याच वाट्यास आलेली गोष्ट आहे असें मात्र नाहीं. ग्रेट ब्रिटनमध्यें तीन वर्षें पुरीं झालेली जवळजवळ प्रत्येक मोटरसायकल वर्षांतून एकदां परीक्षकापुढें उभी करावी लागते. तेथें तिचे दिवे पाहिले जातात, चाकें फिरविलीं जातात, ब्रेकचें बळ मोजलें जातें. आणि ती उत्तीर्ण झाली तरच पुढील वर्षभर तिला सार्वजनिक रस्त्यावर येण्याची मोकळीक मिळते. ह्या परीक्षेस तिकडे ‘एम. ओ. टी.’ असें म्हणतात. ती कशी घेतात, तिच्यासाठीं गाडीची तयारी कशी करावी लागते, आणि तिच्यापासून आपणांस काय शिकण्यासारखें आहे, हें ह्या लेखांत पाहूं.

आपल्या वाचकांपैकीं कित्येक विद्यार्थी रोज सकाळीं वडिलांच्या किंवा काकांच्या मोटरसायकलीवर मागें बसून शाळेंत येतात. त्यामुळें हा विषय दूरच्या बेटावरचा असला, तरी त्याचा संबंध आपल्या अंगणांत उभ्या असलेल्या गाडीशीं आहे, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

परीक्षेची आवश्यकता

चारचाकी वाहनाचें एक चाक बिघडलें, तर उरलेलीं तीन त्यास कसेंबसें सावरून धरतात. मोटरसायकलीस तो आधार नाहीं. तिचीं चाकें दोनच. आणि प्रत्येक चाकाचा जो भाग कोणत्याही क्षणीं रस्त्याला टेकलेला असतो, तो सुमारें तळहाताएवढाच असतो. म्हणजे गाडी, तिचा चालक आणि मागें बसलेलें मूल, ह्या सर्वांचा भार दोन तळहातांएवढ्या रबरावर विसंबून असतो.

त्यांतून यंत्राची झीज ही फार हळूहळू होणारी गोष्ट आहे. ब्रेक एके दिवशीं एकाएकीं निकामी झाला, तर तें कोणाच्याही लक्षांत येईल. परंतु त्याचें बळ रोज केसभर कमी होत गेलें, तर चालकाचा हातही रोज केसभर अधिक दाबावयास शिकतो, आणि आपल्या गाडीचा ब्रेक उत्तम आहे असेंच त्यास वाटत राहतें. रोज पाहणाऱ्या आईला मुलाची वाढलेली उंची जाणवत नाहीं. सहा महिन्यांनीं सुटींत आलेल्या मामाला मात्र ती दारांतच दिसते. वाहनाचा परीक्षक हा असा वर्षाकांठीं भेटणारा मामा होय. त्यास त्या गाडीची संवय नसते, हेंच त्याच्या दृष्टीचें बळ आहे.

परीक्षेचा इतिहास

‘एम. ओ. टी.’ हीं अक्षरें ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्स्पोर्ट’, म्हणजे वाहतूक मंत्रालय, ह्या शब्दांचीं आद्याक्षरें होत. त्या नांवाचें मंत्रालय आतां उरलेलें नाहीं. पण लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव कायम राहिलें आहे. १९५६ सालच्या रस्ते-वाहतुकीच्या कायद्यानें अशी तपासणी सुरू करण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि १९६० सालीं, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूक मंत्री असतांना, ती प्रत्यक्ष सुरू झाली. आरंभीं ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरतीच होती, आणि तींत मुख्यतः ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेंच पाहत असत. परंतु इतकीं वाहनें नापास होऊं लागलीं कीं, १९६१ सालाच्या अखेरीस दहा वर्षांची मर्यादा सात वर्षांवर आणावी लागली, आणि १९६७ सालीं ती तीन वर्षांवर आली. टायरांची तपासणी १९६८ सालीं तींत समाविष्ट झाली. २००५ सालच्या सुमारास निकाल संगणकावर नोंदले जाऊं लागले. आणि २०१८ सालच्या मे महिन्यांत दोषांची आज प्रचलित असलेली वर्गवारी अमलांत आली. उत्तर आयर्लंडांत मात्र पहिली परीक्षा चार वर्षांनीं होते, आणि ती सरकारी केंद्रांतच घेतली जाते.

परीक्षेचें स्थान

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स ह्या भागांत सरकारनें मान्यता दिलेल्या गॅरेजांत ही परीक्षा घेतात. अशा गॅरेजाच्या दर्शनी भागीं निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण काढलेले असतात. परीक्षक हा त्या कामाचें शिक्षण घेतलेला व सरकारी खात्याकडून अधिकार मिळालेला मनुष्य असतो. सरकारनें शुल्काची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे : साध्या मोटरसायकलीस २९ पौंड ६५ पेन्स, आणि बाजूस साइडकार जोडलेली असल्यास ३७ पौंड ८० पेन्स. ह्याहून कमी घेण्यास हरकत नाहीं, अधिक घेतां येत नाहीं.

जो गॅरेजवाला दोष काढतो तोच पुढें दुरुस्तीचे पैसेही घेणार, मग तो खोटे दोष काढणार नाहीं कशावरून, अशी शंका चाणाक्ष वाचकास येईल. तिची दखल तेथील नियमांनीं घेतली आहे. परीक्षा चालू असतांना मालकास ती पाहतां यावी अशी जागा प्रत्येक केंद्रांत ठेवावी लागते. दुरुस्ती तेथेंच करून घेण्याची सक्ती नाहीं. आणि निकाल अन्यायाचा वाटल्यास कामाच्या चौदा दिवसांच्या आंत सरकारी खात्याकडे दाद मागतां येते.

तयारी व तपासणी

तयारीचा पहिला धडा अगदीं घरगुती आहे : गाडी धुवून न्यावी. चिखलानें इतकी माखलेली गाडी कीं तिचे भाग नीट दिसतच नाहींत, ती तपासण्यास परीक्षक नकार देऊं शकतो. शिवाय धुतांना मालकाचा हात गाडीच्या प्रत्येक भागावरून फिरतो. सैल झालेला बोल्ट, तडकलेली कांच, तेलाचा ओघळ, हे दोष पुष्कळदां फडक्यालाच प्रथम सांपडतात.

त्यानंतर दिवे. मोटरसायकली नापास होण्याच्या कारणांत दिव्यांचा क्रमांक वरचा लागतो, आणि दोष बहुधा क्षुल्लक असतो : जळालेला बल्ब, गंजलेला सांधा, सैल झालेली तार. परीक्षक पुढचा दिवा वरच्या व खालच्या झोतांत लावून पाहतो. झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊं नये, म्हणून त्याचा रोख एका यंत्रापुढें तपासला जातो. दिव्यावर हलकेच टिचकी मारल्यास तो मिणमिणतां कामा नये. मागील तांबडा दिवा, तांबडा रिफ्लेक्टर आणि ब्रेक लाइट हीं जागेवर व धड असावीं लागतात. १ एप्रिल १९८६ पासून पुढें प्रथम वापरांत आलेल्या गाडीचा ब्रेक लाइट हाताच्या ब्रेकनें आणि पायाच्या ब्रेकनें, अशा दोहोंनीं लागला पाहिजे. अनेक मालक पायानें दाबून पाहतात, हातानें पाहत नाहींत, आणि तेथेंच फसतात. वळण दर्शविणारा इंडिकेटर मिनिटास ६० पेक्षां कमी किंवा १२० पेक्षां अधिक वेळां लुकलुकतां कामा नये. हॉर्नचा आवाज एकसुरी व अखंड हवा. गाणें वाजविणारा हॉर्न चालत नाहीं.

मग हँडल. पुढचें चाक जमिनीपासून उचलून धरावें आणि हँडल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हळू फिरवावें. तें लोण्यांतून सुरी फिरावी तसें फिरलें पाहिजे. मधोमध खांच लागल्यासारखें तें अडकत असेल, तर हँडलाच्या दांड्याखालील बेअरिंग झिजलें असें समजावें. ह्यालाच आपल्याकडील मेकॅनिक ‘कोनसेट’ म्हणतात. नंतर पुढचा फोर्क खालच्या बाजूस धरून पुढें-मागें हलवावा. ‘टक् टक्’ असें जाणवल्यास तें बेअरिंग ढिलें आहे. हँडल वळवितांना एखादी केबल ताणली तर जात नाहीं ना, मुठींवरचीं रबरें फिरत तर नाहींत ना, आणि ॲक्सिलरेटर सोडतांच तो आपोआप मिटतो ना, हेंही पाहून ठेवावें.

हँडलानंतर गाडीच्या स्प्रिंगा. पुढचा ब्रेक दाबून धरून हँडलावर भार देऊन फोर्क खालीं दाबावा. तो वर येऊन शांतपणें स्थिर झाला पाहिजे. झोक्यासारखा वरखालीं होत राहिल्यास आंतील तेलाचें काम बरोबर चाललेलें नाहीं. फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचें कडें दिसलें, तर आंतील सील गेलें. मागील चाक ज्या दोन लांब बाहूंत बसविलेलें असतें, त्या ‘चिमट्या’स बाजूच्या बाजूस हलवून पाहतात, तो डुलत असल्यास त्याची खीळ झिजली आहे. चिमटा डुलूं लागला म्हणजे वळणावर मागचें चाक पुढच्याचा माग सोडूं पाहतें.

आतां चाकें आणि टायर. चाक उचलून फिरवावें : तें घरघर न करतां फिरलें पाहिजे, आणि त्याची कड वांकडी नसावी. वरखालीं धरून हलविल्यास आंसावर तें खुळखुळतां कामा नये. तारांचें चाक असल्यास प्रत्येक तारेवर लहान पान्यानें टिचकी मारावी. घट्ट तार टणत्कार करते, सैल तार बद्द वाजते. पुढचें व मागचें चाक एका रेषेंत आहेत किंवा नाहींत, हें लांब सरळ पट्टीनें किंवा ताणलेल्या दोरीनें पाहतां येतें. टायरांविषयींचा ब्रिटिश नियम नेमका आहे. ५० घनसेंटिमीटरांहून मोठ्या एंजिनाच्या गाडीस टायरच्या रुंदीच्या तीनचतुर्थांश भागावर आणि सबंध परिघावर खांचांची खोली निदान १ मिलिमीटर असलीच पाहिजे, आणि उरलेल्या भागावरही खांचा दिसल्या पाहिजेत. ह्या खांचा शोभेच्या नव्हेत. पावसांत रबर आणि रस्ता ह्यांच्यामध्यें जें पाणी सांपडतें, त्यास बाहेर जाण्याच्या त्या मोऱ्या होत. त्या बुजल्या कीं चाक रस्त्यावर न धांवतां पाण्यावर घसरूं लागतें. टायरवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो त्याच दिशेनें बसविलेला हवा. टायरला आलेला फुगा, आंतील दोरे दिसतील इतका खोल चिरा, ह्या गोष्टी तर उघडच नापासाच्या आहेत.

ब्रेक आणि त्याचें गणित

सर्वांत महत्त्वाचा विषय ब्रेकचा. परीक्षक प्रथम डोळ्यांनीं पाहतो : ब्रेकचे पॅड किंवा शू झिजले आहेत काय, डिस्कला तडा आहे काय, नळींतून तेल झिरपतें काय, पायाची पट्टी व हाताचा दांडा मोकळेपणानें हलतात काय. त्यानंतर तो बळ मोजतो. गाडीचें चाक फिरत्या रुळावर ठेवतात आणि ब्रेक दाबतात. रूळ थांबविण्यास ब्रेक किती जोर लावतो, तें यंत्राच्या कांट्यावर दिसतें. हा जोर गाडी व चालक ह्यांच्या एकूण वजनाच्या शेंकडा किती भरतो, ह्यास ब्रेकची क्षमता म्हणतात. नेहमींच्या दोन स्वतंत्र ब्रेकांपैकीं एकाची क्षमता निदान ३० टक्के व दुसऱ्याची निदान २५ टक्के असावी लागते.

विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण पाटीवर सोडवून पाहावें. गाडीचें वजन १७० किलो व चालकाचें ७० किलो, मिळून २४० किलो. त्याचे ३० टक्के म्हणजे ७२ किलो, आणि २५ टक्के म्हणजे ६० किलो. एका ब्रेकनें ७२ आणि दुसऱ्यानें ६० किलोचा जोर दिला, तर गाडी काठावर उत्तीर्ण झाली.

आतां त्याच गाडीवर, त्याच ब्रेकांनिशीं, मागें दोन मुलें व त्यांचीं दप्तरें मिळून ६० किलोंचा भार चढवूं. एकूण वजन ३०० किलो झालें. ब्रेकचा जोर वाढला नाहीं. तो ७२ आणि ६० किलोच राहिला. पण ७२ हे ३०० चे केवळ २४ टक्के, आणि ६० हे २० टक्के होतात. म्हणजे जी गाडी एकट्या चालकासह उत्तीर्ण होते, तीच मुलांना घेऊन निघाली असतां दोन्ही ब्रेकांत नापास आहे. रस्त्यावर ह्याचा अर्थ काय होतो? ताशी ५० किलोमीटर वेगानें जातांना दोन्ही ब्रेक एकदम दाबले, तर पहिल्या स्थितींत गाडी सुमारें १८ मीटरांत थांबेल, दुसऱ्या स्थितींत सुमारें २२ मीटर लागतील. आणि हें अंतर ब्रेक दाबल्यानंतरचें आहे, धोका दिसून हात हालेपर्यंत गाडी जी पुढें जाते तें निराळेंच. चार मीटर म्हणजे वर्गाच्या फळ्यापासून तिसऱ्या-चौथ्या बांकापर्यंतचें अंतर. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा जीव वांचणें वा न वांचणें हें तेवढ्या अंतरावर ठरूं शकतें. तिकडच्या कायद्याप्रमाणें आपल्याकडेही चालकाच्या मागें एकाच व्यक्तीस बसण्याची परवानगी आहे, ती ह्याच कारणास्तव. तो नियम पोलिसांच्या सोयीसाठीं केलेला नाहीं.

उरलेल्या बाबी

साखळी फार सैल नसावी, फार ताणलेलीही नसावी. सैल साखळी दांत्यांवरून निसटून चाकांत अडकूं शकते. ताणलेली साखळी स्वतः तुटते किंवा बेअरिंग खाते. तिच्यावरील झांकण जागेवर असावें. गाडीच्या सांगाड्यास तडा किंवा खोल गंज नसावा, बैठक हलूं नये, पाय ठेवण्याचीं आधारें घट्ट असावींत. सायलेन्सरला भोंक नसावें आणि त्याचा आवाज अवाजवी नसावा. ‘रस्त्यावरील वापरासाठीं नाहीं’ असा शिक्का असलेला शर्यतीचा सायलेन्सर लावल्यास गाडी नापास होते. नंबर प्लेट नियमाप्रमाणें व वाचतां येण्यासारखी हवी, आणि चासिस नंबर सांपडला पाहिजे.

परीक्षक काय पाहत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तो एंजिन उघडीत नाहीं. क्लच व गिअरबॉक्स ह्यांची स्थिती त्याच्या कक्षेंत येत नाहीं. मोटरसायकलीच्या बाबतींत आरसे ह्या परीक्षेंत नाहींत, आणि आजच्या नियमांत धुरांतील वायूंचें मोजमापही नाहीं.

निकाल

दोषांचे तीन वर्ग केले आहेत : किरकोळ, मोठा व धोकादायक. किरकोळ दोष असला तरी गाडी उत्तीर्ण होते, मात्र तो लवकर दुरुस्त करावा असें निकालपत्रांत नमूद होतें. जो भाग अद्यापि चालतो पण लवकरच झिजणार आहे, त्याविषयीं निराळा सल्लाही लिहून देतात. मोठा दोष असल्यास गाडी नापास होते. धोकादायक दोष असल्यास ती दुरुस्त केल्यावांचून रस्त्यावर नेतांच येत नाहीं. नेल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. वैध प्रमाणपत्रावांचून गाडी चालविण्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत आहे. आधीं वेळ ठरवून परीक्षेस चाललेल्या गाडीस मात्र ह्यांतून सूट आहे. नापास झालेली गाडी तेथेंच दुरुस्तीस ठेवून कामाच्या दहा दिवसांच्या आंत पुन्हां दाखविली, तर केवळ त्या दोषांची फेरतपासणी विनामूल्य होते.

दूरदर्शी मालकासाठीं आणखी एक सोय आहे. प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या एक महिना आधींपासून परीक्षा दिली, तरी पुढील वर्षाची तारीख तीच राहते. उदाहरणार्थ, २० जूनला मुदत संपत असेल तर २१ मेपासून. त्यामुळें दुरुस्तीस अवकाश मिळतो आणि दिवसही फुकट जात नाहीं. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्यांनीं ह्या सोयीचा मथितार्थ मनांत ठेवावा. शिवाय प्रत्येक परीक्षेचा निकाल व त्या वेळचे धांवेचे मैल नोंदले जातात, आणि गाडीचा नंबर ठाऊक असलेल्या कोणासही ते इंटरनेटवर विनामूल्य पाहतां येतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास तिचें सारें प्रगतिपुस्तकच त्यामुळें हातीं लागतें.

प्रमाणपत्राची मर्यादा

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे ती वर्षभर सुरक्षित आहे, असें तें प्रमाणपत्र सांगत नाहीं. परीक्षेच्या वेळीं गाडी किमान अपेक्षेस उतरली, एवढीच त्याची ग्वाही आहे. प्रमाणपत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं टायरांत खिळा शिरूं शकतो, तिसऱ्या दिवशीं बल्ब जाऊं शकतो. म्हणून कायदा मालकाची जबाबदारी एका दिवसापुरती धरीत नाहीं. गाडी रस्त्यावर येते त्या प्रत्येक दिवशीं ती योग्य स्थितींत असावी, असें त्याचें म्हणणें आहे. चाळीस वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत फारसा बदल न झालेल्या गाड्यांना ब्रिटनमध्यें ही वार्षिक परीक्षा माफ आहे. पण त्यांच्या मालकांना ही जबाबदारी माफ नाहीं. परीक्षा टळली तरी कर्तव्य टळत नाहीं, हें तत्त्व तेथें स्पष्ट दिसतें.

आपल्याकडील स्थिती

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी मोटरसायकलीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयांत दाखवून ती पांच पांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. मधल्या काळांत दर वर्षीं नेमानें होणारी सक्तीची तपासणी एकच, ती धुराची. नव्या गाडीस पहिलें वर्ष सूट असते. पुढें भारत स्टेज ४ व त्यानंतरच्या गाड्यांना हें प्रमाणपत्र वर्षाचें, व त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांचें मिळतें.

म्हणजे एक चमत्कारिक विरोध दिसून येतो. ब्रिटनमध्यें मोटरसायकलीचा ब्रेक दर वर्षीं मोजतात, पण धूर मोजत नाहींत. आपण धूर मोजतों, पण ब्रेक मोजीत नाहीं. आपली हवा शुद्ध राहावी हें योग्यच आहे. परंतु धुराचें प्रमाणपत्र खिशांत आहे म्हणून गाडी ठीक आहे, असें मानणारा मनुष्य भूगोलाच्या गुणांवरून गणितांत पास झालों असें समजणाऱ्या मुलासारखा होय. गाडी घेतल्यापासून पंधरा वर्षेंपर्यंत तिचा ब्रेक, तिचे टायर, तिचें हँडल ह्यांची परीक्षा घेणारा सरकारी परीक्षक आपल्या दारीं येत नाहीं. तेवढ्या काळांत घरांतील मुलगा बालवर्गांतून महाविद्यालयांत जातो. तो परीक्षक घरांतूनच निर्माण झाला पाहिजे.

आणि तो होणें कठीण नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, समजा शनिवारीं संध्याकाळीं, दहा मिनिटें पुरतात. वडिलांनीं गाडी सपाट जागीं उभी करावी आणि मुलांनीं पुढें होऊन पाहावें. एकानें मागें उभें राहून ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकांनीं लागतो कीं नाहीं तें सांगावें. दुसऱ्यानें टायरांत अडकलेले खडे व खिळे शोधावे आणि खांचांची खोली न्याहाळावी. झीज दाखविणारे लहान उंचवटे खांचांच्या तळाशीं असतात, रबर त्यांच्या पातळीस आलें कीं टायर बदलण्याची वेळ झाली. हवेचा दाब पंपावर तपासून घ्यावा. ब्रेकच्या तेलाची पातळी बाटलीवरील खुणेशीं ताडावी, साखळीची ढिलाई पाहावी, हँडल दोन्हीकडे फिरवून पाहावें, जमिनीवर तेलाचा ठिपका पडला आहे काय तें बघावें. जें दिसेल तें एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें. वर्षाअखेरीस ती वही हेंच गाडीचें प्रगतिपुस्तक होईल, आणि मेकॅनिककडे जातांना ‘गाडी जरा बघ’ असें मोघम न सांगतां नेमका दोष दाखवितां येईल.

मात्र दोन पथ्यें पाळावीं. हें सारें एंजिन बंद असतांना व सायलेन्सर निवाल्यावर करावें, आणि चालत्या साखळीजवळ किंवा फिरत्या चाकाजवळ बोट कधींही नेऊं नये. तसेंच मुलांनीं पाहावें, चालवूं नये. गिअरची मोटरसायकल चालविण्याचें वय कायद्यानें अठरा वर्षें ठरविलें आहे. दोष आढळल्यास त्याची दुरुस्ती, विशेषतः ब्रेकची, जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें ‘बाबा, मागचा टायर गुळगुळीत झाला आहे’ असें सांगितलें, तर ‘अजून महिनाभर चालेल’ असें म्हणून त्यास गप्प बसवूं नये. तो महिना बहुधा पावसाचाच असतो. ब्रेकचा पॅड किंवा शू ही गाडीच्या वस्तूंपैकीं स्वस्तांतली वस्तू आहे. तिच्यावर वांचविलेला पैसा कोठें भरावा लागेल, हें कोणासही आधीं सांगतां येत नाहीं. परीक्षकानें वर्षांतून एकदां पाहिलेली गाडी उरलेले दिवस मालकालाच पाहावी लागते. आणि जेथें परीक्षकच नाहीं, तेथें वर्षाचे सारेच दिवस मालकाचे आहेत.